वेब पृष्ठातील गतिशील घटक व त्यांचे दोषनिदान

वेब पृष्ठ ब्राउझरमध्ये उमटल्यावर त्याचा एखादा भाग सर्व्हरकडे वेगळी विनंती पाठवून मागविला जातो आणि उरलेल्या पृष्ठाला धक्का न लावता जागच्या जागी बसविला जातो. अशा भागास गतिशील घटक म्हणतात. उदा., ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एखाद्या पुस्तकाचे पृष्ठ उघडले, तर पुस्तकाचे नाव, लेखक व परिचय हा मजकूर सर्व वाचकांना सारखाच दिसतो. प्रत उपलब्ध आहे किंवा कसे, पाहणाऱ्या सभासदाच्या नावावर कोणती पुस्तके आहेत व इतर वाचकांचे अभिप्राय काय आहेत, ही माहिती मात्र क्षणोक्षणी व व्यक्तिपरत्वे बदलते. ती तीन स्वतंत्र घटकांच्या रूपाने नंतर आणणे सोयीचे ठरते. त्यामुळे मुख्य पृष्ठ लवकर दिसते, एकच घटक अनेक पृष्ठांवर वापरता येतो आणि एका घटकातील बदलासाठी सर्व पृष्ठ पुन्हा मागवावे लागत नाही.

या सोयीबरोबर एक अडचणही येते. वाचकाच्या डोळ्यांना पृष्ठ एकसंध दिसते. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र ते परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक विनंत्यांचे फलित असते. पृष्ठ व घटक एकच आहेत, असे गृहीत धरून आज्ञावली लिहिली गेली, की दोष उद्‌भवतात. हे दोष बहुधा मुके असतात. संपूर्ण पृष्ठ बिघडले, तर पडद्यावर दोषसूचना दिसते. एखादा घटक बिघडला, तर तेवढी जागा रिकामी राहते आणि बाकीचे पृष्ठ सुरळीत असल्याने दोष लक्षातच येत नाही. म्हणून घटकांच्या दोषनिदानास वेगळी पद्धत लागते. प्रस्तुत नोंदीत पायथन या भाषेतील वेब फ्रेमवर्कांच्या, विशेषतः वेबटूपाय व जँगो यांच्या आधारे तिचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या यूरोपीय संशोधनसंस्थेत मांडलेल्या वेबच्या मूळ कल्पनेत प्रत्येक दुव्यासरशी पूर्ण पृष्ठ बदलत असे. ब्राउझरमध्येच चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. पृष्ठ न बदलता सर्व्हरशी पार्श्वभूमीवर संपर्क साधण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोअररच्या पाचव्या आवृत्तीत (१९९९) आली. या तंत्रसमूहास जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव दिले व ते रूढ झाले.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेत याच सुमारास वेब फ्रेमवर्के आकारास येत होती. विनंती स्वीकारणे, डेटाबेसशी व्यवहार करणे, साच्यात माहिती भरून पृष्ठ तयार करणे, सभासदांची ओळख पटविणे इ. नित्याची कामे करणारा तयार सांगाडा म्हणजे वेब फ्रेमवर्क होय. अमेरिकेतील कॅनझस राज्यातील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कार्यालयात घडलेले जँगो २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. शिकागो येथील डीपॉल विद्यापीठातील मासिमो डी पिएरो यांनी मुख्यतः अध्यापनाच्या हेतूने वेबटूपाय २००७ मध्ये प्रसिद्ध केले. पायफोरवेब हा त्याचा उत्तराधिकारीही त्यांच्याच पुढाकाराने निर्माण झाला. वेबटूपायमध्ये घटकाची कल्पना फ्रेमवर्कमध्येच अंतर्भूत आहे, तर जँगोमध्ये ती जावास्क्रिप्टच्या अथवा एचटीएमएक्ससारख्या ग्रंथालयाच्या साहाय्याने साधली जाते.

रचना व कार्य : वेबटूपायच्या साच्यात ‘लोड’ ही आज्ञा एजॅक्सचा पर्याय चालू करून लिहिली, की त्या ठिकाणी घटकाचा मजकूर न येता केवळ एक रिकामी चौकट तयार होते. तिच्यावर एक ओळखचिन्ह, घटकाचा पत्ता व ‘लोड होत आहे’ अशा अर्थाचे शब्द असतात. पृष्ठ ब्राउझरमध्ये पोहोचल्यावर फ्रेमवर्कसोबत आलेली जावास्क्रिप्ट ती चौकट शोधते, त्या पत्त्यावर दुसरी विनंती पाठविते आणि आलेला एचटीएमएल तुकडा चौकटीत बसविते. घटकात प्रपत्र असल्यास ते भरून पाठविण्याची क्रियाही ही जावास्क्रिप्ट मध्येच अडविते व उत्तर त्याच चौकटीत दाखविते.

यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मुख्य पृष्ठ तयार करताना सर्व्हरवर जी चल मूल्ये होती, ती दुसऱ्या विनंतीच्या वेळी अस्तित्वात नसतात. पुस्तकाचा क्रमांक घटकाला हवा असेल, तर तो पत्त्यातून पुन्हा पाठवावा लागतो. दुसरी, सभासद कोण आहे हे सर्व्हरला दोन्ही वेळा स्वतंत्रपणे ठरवावे लागते. तिसरी, घटक येतो तेव्हा पृष्ठ तयार होऊन गेलेले असते. पृष्ठ तयार होताना एकदाच घडणाऱ्या क्रिया त्याच्या वाट्याला येत नाहीत.

निदानाची पद्धत : घटक दिसत नाही, एवढ्या लक्षणावरून आज्ञावलीत बदल करू लागणे व्यर्थ होय. प्रथम दोष कोणत्या टप्प्यावर आहे, ते ठरवावे लागते. त्यासाठी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : विनंती ब्राउझरमधून निघाली काय ? तिला कोणते उत्तर आले ? आणि उत्तर आल्यावर त्याचे काय झाले ? आधुनिक ब्राउझरांमध्ये असलेल्या विकासक साधनांत जालव्यवहाराचा एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक विनंतीचा पत्ता, पद्धत, उत्तराचा स्थिती-क्रमांक, लागलेला वेळ व प्रत्यक्ष मजकूर पाहता येतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरे मुख्यतः येथेच मिळतात. त्यानंतर घटकाचा पत्ता ब्राउझरच्या वेगळ्या खिडकीत थेट उघडून पाहावा. तेथेही दोष दिसला, तर तो सर्व्हरकडील असतो. तेथे घटक नीट दिसला, पण पृष्ठात दिसला नाही, तर दोष दोहोंच्या सांध्यात असतो. या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

विनंती न निघणे : तक्त्यात घटकाची विनंतीच नसेल, तर सर्व्हरवरील आज्ञावली तपासण्याचे कारण नाही. वेबटूपायमध्ये चौकटींचा शोध घेणारी जावास्क्रिप्ट एका लहान साच्याद्वारे मुख्य मांडणीत समाविष्ट होते. संकेतस्थळाची नवी मांडणी हाताने रचताना तो साचा गाळला गेला, तर कोणतीही दोषसूचना न मिळता ‘लोड होत आहे’ हे शब्द कायम राहतात. दुसरे कारण म्हणजे पृष्ठातील आधीच्या एखाद्या स्क्रिप्टमधील चूक. ती स्क्रिप्ट मध्येच थांबली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढील क्रियाही घडत नाहीत. ब्राउझरच्या दोषनोंदींत अशी पहिली चूक कोणती, हे पाहावे. नंतरच्या चुका बहुधा तिच्याच परिणाम असतात.

पत्ता व साचा यांतील दोष : उत्तराचा क्रमांक ४०४ असेल, तर पत्ता किंवा साचा सापडलेला नाही, असे समजावे. येथे वेबटूपायमधील एक प्रसिद्ध फसगत लक्षात घेण्याजोगी आहे. एखाद्या फंक्शनसाठी स्वतंत्र साचा लिहिलेला नसेल, तर हे फ्रेमवर्क सर्वसामान्य साचा वापरते. सुरक्षिततेसाठी ही सवलत नमुना-आज्ञावलीत केवळ विकासकाच्या स्वतःच्या यंत्रावरून आलेल्या विनंत्यांना दिलेली असते. परिणामी घटक घरच्या यंत्रावर बिनचूक चालतो आणि संकेतस्थळ प्रत्यक्ष सर्व्हरवर गेल्यावर ‘साचा अग्राह्य’ अशा अर्थाचे उत्तर येते. आज्ञावली एका अक्षरानेही बदललेली नसते. बदललेले असते ते विनंतीचे उगमस्थान. घटकासाठी स्वतःचा साचा लिहिणे, हाच यावरील योग्य उपाय होय. सर्वसामान्य साचे सर्वांना खुले करून दोष दूर होतो, परंतु एरव्ही न दाखवायची माहितीही त्यामुळे उघडी पडू शकते.

याउलट, घटकाच्या जागी शीर्षक, सूची व तळटीप यांसह आख्खे पृष्ठ उमटले, तर घटकाचा साचा मुख्य मांडणीवर आधारलेला आहे, असे निदान करावे. वेबटूपायमध्ये घटकाच्या पत्त्याला ‘लोड’ हा प्रत्यय देऊन त्याच प्रत्ययाचा मांडणीरहित साचा लिहितात, तो याचसाठी. जँगोमध्ये तुकड्यासाठी वेगळा लहान साचा ठेवून तोच मुख्य साच्यातही समाविष्ट करणे हितावह असते.

ओळख व अधिकार यांतील दोष : सभासदाचे सत्र संपल्यावर घटकाची विनंती गेली, तर जँगोमधील नेहमीची व्यवस्था ३०२ या क्रमांकाने प्रवेशपृष्ठाकडे वळण्यास सांगते. ब्राउझर पार्श्वभूमीवरील विनंतीत हे वळण निमूटपणे घेतो, त्याला २०० या क्रमांकासह प्रवेशपृष्ठ मिळते आणि ‘आपल्या नावावरील पुस्तके’ या चौकटीत प्रवेशाचे प्रपत्र दिसू लागते. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने सर्व काही यशस्वी झालेले असते. तक्त्यात लागोपाठ दिसणाऱ्या दोन नोंदी हीच या दोषाची खूण होय. वेबटूपाय अशा प्रसंगी वळण न देता ४०१ हा क्रमांक पाठविते. घटकांच्या बाबतीत ही रीत अधिक सरळ आहे. कारण नकार हा नकाराच्याच रूपात पोहोचतो.

माहिती पाठविताना ४०३ हा क्रमांक आला, तर परस्थळावरून होणाऱ्या बनावट विनंत्यांपासून संरक्षण करणारे संकेतचिन्ह सोबत गेलेले नाही, असा अर्थ बहुतेक वेळा होतो. जँगोमध्ये हे चिन्ह प्रपत्रातील लपविलेल्या रकान्यातून वा विनंतीच्या शीर्षभागातून पाठवावे लागते. ही तपासणीच बंद करून टाकण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा.

उत्तर आल्यानंतरचे दोष : उत्तर २०० आहे, मजकूर योग्य आहे, तरीही घटकातील बटणे निर्जीव राहतात, ही तक्रार सर्वांत अधिक आढळते. पृष्ठ तयार झाल्याची घटना ब्राउझर एकदाच जाहीर करतो. त्या क्षणी पृष्ठात असलेल्या बटणांनाच जावास्क्रिप्टने क्रिया जोडलेल्या असतात. नंतर आलेली बटणे तिला अज्ञात असतात. क्रिया प्रत्येक बटणाला न जोडता पृष्ठात कायम राहणाऱ्या बाहेरील चौकटीला जोडली, तर आतील कोणत्याही बटणावरील दाब तेथपर्यंत पोहोचतो व दोष मुळातून जातो. घटक आल्यावर प्रत्येक वेळी क्रिया नव्याने जोडण्याचा पर्यायही आहे. मात्र त्यात एकाच बटणाला दोनदा क्रिया जोडली जाऊन एकच अभिप्राय दोनदा नोंदविला जाण्याचा धोका असतो.

तुकड्याबरोबर आलेल्या स्क्रिप्टचे वर्तन तो बसविण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. एचटीएमएलच्या मानकानुसार चौकटीचा अंतर्गत मजकूर थेट बदलला, तर त्यातील स्क्रिप्ट चालत नाही. जेक्वेरी या ग्रंथालयाची पद्धत वापरली, तर ती चालते. पण त्याच पद्धतीत आलेल्या मजकुराचा निवडक भागच मागितला, तर स्क्रिप्ट गाळली जाते. शिवाय एकच घटक पृष्ठावर दोन ठिकाणी बसविल्यास ओळखचिन्हे दुहेरी होतात व दुसऱ्या जागची क्रिया पहिल्या जागी घडते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक लक्षण आढळते. पायथनमधील जेसन मॉड्यूल मुळात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे सहा रोमन चिन्हांच्या संकेतात रूपांतर करते, उदा., ‘क’ साठी उलटी तिरपी रेघ, ‘यू’ हे अक्षर आणि ०९१५ हे चार अंक. ब्राउझरने जेसन म्हणून त्याचे वाचन केले, तर मूळ अक्षरे परत मिळतात. तो साधा मजकूर समजून चौकटीत टाकला, तर संकेतांची रांग दिसते. अशा वेळी टंकात वा डेटाबेसमध्ये दोष नसतो.

प्रपत्रांतील दोष : घटकातील प्रपत्र पाठविल्यावर सर्व पृष्ठच बदलून केवळ तुकडा दिसू लागला, तर पाठविण्याची क्रिया अडविली गेलेली नाही, हे उघड आहे. वेबटूपायच्या घटकांतून फायली पाठविण्यास मर्यादा आहे. फ्रेमवर्कची ही रीत बहुखंडी प्रपत्रासाठी नाही. घटकाचा पत्ता थेट उघडून चाचणी घेतल्यास फाईल व्यवस्थित जाते व आज्ञावली निर्दोष असल्याचा भास होतो. थेट उघडण्याची चाचणी उपयुक्त असली, तरी अंतिम नव्हे, हे यावरून दिसते.

मंदगती : ग्रंथालयाच्या पृष्ठावरील तीन घटकांना प्रत्येकी दोन सेकंद लागत असतील, तर ते एकाच वेळी निघाल्याने दोन सेकंदांत तिन्ही दिसावेत, अशी अपेक्षा असते. वेबटूपायमध्ये प्रत्यक्षात सहा सेकंद लागू शकतात. सभासदाच्या सत्राची माहिती हे फ्रेमवर्क मुळात फाईलमध्ये ठेवते आणि एक विनंती पूर्ण होईपर्यंत ती फाईल कुलूपबंद राहते. त्यामुळे त्याच सभासदाच्या पुढील विनंत्या रांगेत थांबतात. तक्त्यात घटकांचे काळ दोन, चार व सहा सेकंद असे जिन्याप्रमाणे चढत गेलेले दिसतात. सत्रात काहीही लिहावयाचे नसलेल्या घटकाने आरंभीच ‘सेशन’मधील ‘फर्गेट’ ही आज्ञा देऊन कुलूप सोडावे, हा यावरील उपाय होय.

तथापि हाच उपाय प्रपत्र असलेल्या घटकात योजला, तर नवा दोष निर्माण होतो. प्रपत्राची सत्यता तपासणारी किल्ली सत्रातच साठविलेली असते. सत्राची नोंद सोडून दिल्याने ती किल्ली जतन होत नाही आणि वाचकाने कितीही वेळा अभिप्राय पाठविला, तरी तो कोणत्याही सूचनेविना नाकारला जातो. एका घटकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला डोळे मिटून लावू नये, याचे हे बोलके उदाहरण आहे.

क्रम व साठवण : शोधचौकटीत वाचक भराभर अक्षरे टंकतो, तेव्हा प्रत्येक अक्षरासरशी एक विनंती निघते, उत्तरे मात्र त्याच क्रमाने येतील, याची हमी नसते. आधीच्या अपुऱ्या शब्दाचे उत्तर उशिरा आल्यास ते बरोबर उत्तर पुसून टाकते. म्हणून नवी विनंती निघताना जुनी रद्द करावी. एकच पत्ता कधी पूर्ण पृष्ठ व कधी तुकडा देत असेल, तर ब्राउझर तुकडा साठवून ठेवतो आणि वाचक मागे आल्यावर मांडणीविना उघडा तुकडा दाखवितो. उत्तर कोणत्या शीर्षावर अवलंबून आहे, हे सर्व्हरने स्पष्ट कळविल्यास किंवा दोन्हींसाठी वेगळे पत्ते ठेवल्यास हा दोष टळतो.

आवृत्तिबदलाचेही भान ठेवावे लागते. विनंती एजॅक्स आहे किंवा कसे, हे सांगणारी जँगोमधील पद्धत २०२० मध्ये कालबाह्य ठरविण्यात आली व २०२१ मधील चौथ्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. ती ज्या शीर्षावर विसंबून होती, ते जेक्वेरी आपोआप पाठवीत असे; ब्राउझरमधील नवी ‘फेच’ ही सोय ते पाठवीत नाही. जुन्या पुस्तकांतील उदाहरणे नव्या आवृत्तीत निकामी होण्याचे हे एक कारण आहे.

सुरक्षितता : घटकाचे दोषनिदान करताना सर्वांत महत्त्वाची बाब पडद्यावर दिसत नाही. मुख्य पृष्ठ केवळ सभासदांना दिसत असले, तरी घटकाचा पत्ता स्वतंत्र असतो व तो कोणालाही थेट उघडता येतो. पृष्ठाचे फंक्शन अधिकाराची तपासणी करीत असेल आणि घटकाचे फंक्शन करीत नसेल, तर पत्त्यातील सभासद क्रमांक बदलून दुसऱ्याच्या नावावरील पुस्तके सहज वाचता येतात. ग्रंथालयाच्या जागी रुग्णालय वा पतपेढी असल्यास याचे गांभीर्य अधिक सांगावे लागत नाही. असा घटक सर्व चाचण्यांत ‘नीट चालतो’. म्हणूनच हा दोष दीर्घकाळ दडून राहतो. प्रत्येक घटकाने स्वतःच्या फंक्शनमध्ये ओळख व अधिकार पुन्हा तपासावेत. वेबटूपायमध्ये घटकाच्या पत्त्यावर अंकीय सही करण्याची व ती पडताळण्याची सोय आहे. तिच्यामुळे पत्त्यात केलेला फेरफार ओळखता येतो. त्याचप्रमाणे वाचकांच्या अभिप्रायांतील एचटीएमएल चिन्हे निष्प्रभ करूनच दाखवावीत. दोन्ही फ्रेमवर्कांचे साचे ती आपोआप निष्प्रभ करतात. तुकडा कच्च्या रूपात दिसतो म्हणून ही व्यवस्था सरसकट बंद केल्यास परक्याने लिहिलेली स्क्रिप्ट इतर सभासदांच्या ब्राउझरमध्ये चालू शकते.

प्रतिबंध : घटकाचे अपयश वाचकाला दिसेल अशी व्यवस्था करणे, हा पहिला प्रतिबंधक उपाय होय. एचटीएमएक्सच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ४०० वा ५०० मालिकेतील उत्तर आल्यास चौकटीतील मजकूर बदलत नाही. अशा वेळी दोषसूचना दाखविणारी क्रिया वेगळी लिहावी लागते. सर्व्हरवरील नोंदी नियमित वाचणेही तितकेच आवश्यक आहे. वेबटूपाय आज्ञावलीतील प्रत्येक अनपेक्षित दोषासाठी तपशीलवार पावती साठवून ठेवते. घटकाच्या रिकाम्या चौकटीमागील कारण अनेकदा त्या पावतीत सापडते. घटकाची चाचणी चार स्थितींत घ्यावी : सभासद आत असताना, सत्र संपल्यावर, दुसऱ्या सभासदाच्या नावाने आणि घटक लागोपाठ दोनदा लोड करून. यांपैकी पहिलीच चाचणी सामान्यतः घेतली जाते. वर वर्णिलेले बरेचसे दोष उरलेल्या तीन चाचण्यांत उघडकीस येतात.